हौसाआजीची अक्षत

मनस्वीला या घरात सून म्हणून येऊन पाच वर्षं होऊन गेली होती, पण गिरजाबाईंनी स्वतःच्या हातानं चहा करून तो तिच्या पुढ्यात आणून ठेवला, असं आजवर कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. धाकट्या दिराची, अमोलची, संध्याकाळी हळद होती. सकाळीच देवक बसलं होतं. मांडवात पोरं केळीचे खुंट बांधत होती आणि मनस्वी मागच्या पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. तेवढ्यात सासूबाई कपबशी घेऊन आल्या.

"घे गो. पहाटेपासून राबतेस."

मनस्वीनं एक घोट घेतला. चहात साखर नेहमीच्या दुप्पट होती.

गिरजाबाई काही वाईट बाई नव्हत्या, पण त्यांची जीभ म्हणजे करवंदीची जाळी. फळ गोड, हात घातला की रक्त. आणि आज या जाळीला एकही काटा नव्हता. त्या पडवीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि "संपव तो चहा, निवतोय" एवढंच म्हणून निघून गेल्या.

मग मनस्वीला सकाळपासूनच्या गोष्टी एकेक आठवायला लागल्या. नवऱ्यानं, संदेशनं, फोटो काढायला म्हणून तिचा मोबाईल नेला होता. त्याचा स्वतःचा मोबाईल तिच्याहून चांगला असताना. नणंद स्वयंपाकघरात कुणाशी तरी कुजबुजत होती, ती मनस्वी आत आल्यावर एकदम हळदीच्या वाट्या मोजायला लागली. चुलतसासूनं तर येता जाता उगाच तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. एवढी माया एका सकाळी उतू जात नाही. गेलीच, तर चुलीवर काहीतरी करपलेलं असतं.

काय करपलं असेल ते तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. किन्हवलीच्या पुढच्या पाड्यात तिची आजी, हौसा, शिमग्यापासून अंथरुणाला खिळली होती. आईची आई. मनस्वीला लहानाची मोठी हिनंच केलेली. "पेजेचं पानी तेवडं घोटभर जातंय," असं जगनमामा परवा फोनवर म्हणाला होता. अमोलचं लग्न आटोपलं की चार दिवस जाऊन राहायचं, असं मनस्वीनं ठरवलं होतं. म्हातारीनं तेवढी वाट बघितली नव्हती.

आता यात लपवण्यासारखं काय, असं शहरातला माणूस विचारील. त्याला सांगायला हवं. देवक बसलं की ते उठेपर्यंत त्या घरात मेल्याचं नाव काढत नाहीत. आणि सुतक माणूस मेल्यावर लागत नाही, ऐकल्यावर लागतं. मेल्याच्या रक्ताच्या माणसानं ऐकलं नाही, तर तो मोकळा. हळदीचा घाणा भरताना मुसळाला पहिला हात थोरल्या भावजयीचा लागतो, आणि या घरात थोरली भावजय एकच होती. तिच्या कानावर गेलं, तर घाणा अडला, हळद अडली, लग्न अडलं. आणि लग्न मोडलं की शिव्या खायला नवऱ्यामुलाचं नाव कुणी घेत नाही. येणारी पोर पांढऱ्या पायाची ठरते आणि जन्मभर तशीच राहते. म्हणून अख्ख्या घरानं ठरवलं होतं, मनस्वीला सांगायचं नाही. गावात बातमी लपत नाही म्हणतात, ते खोटं आहे. गावानं मनावर घेतलं तर डोंगरसुद्धा लपतो.

ही रीत मनस्वीला दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगली माहीत होती. तिचं सगळं बाळपण या रीतीखाली गेलं होतं.

ती चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. जगनमामाचं लग्न होतं. तिची आई, भिमी, तापानं आजारी होती, म्हणून पोरीला पुढं आजीकडं पाठवून ती सासरीच राहिली होती. हळदीच्या दिवशी दुपारी भिमीच्या सासरचा माणूस निरोप घेऊन आला. हौसा मांडवाच्या तोंडाशीच त्याला भेटली. त्याचं तोंड बघूनच ती समजली. त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "मी काय ऐकलं नाय," म्हणाली, "तू दोन घास खा नि गप माघारी जा." आणि कडेवर मनस्वीला घेऊन ती आत आली, मुसळाला हात घातला आणि हळद कुटली. ओव्यासुद्धा म्हटल्या. पोटची लेक तिकडं जळत होती आणि ही इकडं नवरदेवाला हळद लावत होती. मामाला कळलं नाही, मामीला कळलं नाही, कुणाला म्हणजे कुणाला कळलं नाही. देवक उठलं तेव्हा तिनं सांगितलं. आणि सांगताना तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. झालं. गावाला तेवढं पुरे होतं. "आय हाय का कोन? दगडाचं काळीज हाय म्हातारीचं." हा शब्द तिला जो चिकटला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि भिवंडीला गोदामात कामाला गेला तो गेलाच. पोर राहिली ती या दगडाच्या काळजाच्या बाईपाशी.

काय केलं त्या बाईनं? मोठं काहीच नाही. लोकांच्या आवणीला, भाताच्या लावणीला, मजुरीनं जायची आणि पोरीला बांधावर इरल्याखाली बसवायची. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं टोपलीत घालून आटगावला स्टेशनाबाहेर विकायला बसायची; पोरीच्या वह्या त्यातून यायच्या. तांदळाची भाकर टम्म फुगली की वरचा पातळ पापुद्रा सोलून पोरीच्या ताटलीत, खालचं जाड स्वतःला. "मला चावायला आवडतं," म्हणायची. दात चारसुद्धा नव्हते. आणि रात्री पोर झोपेत उठून आईला शोधायला अंगणात जायची, म्हणून हौसा आपल्या पदराचं टोक पोरीच्या झग्याला गाठ मारून निजायची. पोर उठली की पदर ओढला जायचा आणि म्हातारी जागी व्हायची. कित्येक वर्षं ती बाई सरळ झोपली नसेल.

आणि याच पोरीनं, सातवीत असताना, कशावरून तरी भांडताना तिला तोंडावर ऐकवलं होतं, "माजी आय मेली तेवा तू हळद कुटत होतीस! दगडाचं काळीज हाय तुजं!" हौसा चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही. "हो गो," म्हणाली, "कुटत होते." आणि भाकर उलटली.

मनस्वीनं कप खाली ठेवला. अर्ध्याहून जास्त चहा तसाच होता. तिला फक्त एकच गोष्ट हवी होती, आजीचं तोंड बघायचं. मामा कितीही थांबला तरी एप्रिल अखेरचं ऊन थांबू देणार नव्हतं. दुपार कलायच्या आत म्हातारीला नेणार. तिला गळा काढून विचारता आलं असतं, "माजी आजी गेली का?" विचारलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर ऐकलं की सगळं बुडालं असतं. उद्या या घरात येणारी प्रियांका जेमतेम एकवीस वर्षांची होती. साखरपुड्यात "ताई, मला भाकऱ्या नीट येत नाय हां," म्हणून तिनं मनस्वीचा हात धरला होता.

तिनं पदर खोचला, देवकापुढच्या तबकातली मूठभर अक्षत एका पानात बांधली आणि मांडवात आली. संदेश हलवायाशी बोलत होता. गिरजाबाई तिथंच होत्या.

"गाडी काढा," ती म्हणाली. "किन्हवलीला जायचंय."

संदेशचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं आईकडं बघितलं.

"आज?" गिरजाबाई म्हणाल्या. "हळद तोंडावर आली नि आज कुठं?"

"मामाला पत्रिका दिली, पन आजीच्या हातात अक्षत नाय घातली. थोरल्या सुनेच्या आजीला अक्षत नाय, लोक काय म्हनतील? देऊन येते."

"कोनी सांगितलं तुला?"

"काय सांगायचं?" मनस्वी सासूच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "मला कोनी काय सांगितलं नाय, आई. मी काय ऐकलंबी नाय. अक्षत द्याया चाललेय."

हलवायाच्या कढईत काहीतरी चरचरत होतं. गिरजाबाईंनी आयुष्यात बरीच मयतं आणि बरीच लग्नं बघितली होती, आणि समोर काय चाललंय ते त्यांना कळत होतं. "घाण्याच्या आत ये," त्या शेवटी म्हणाल्या. "नि कोन काय बोलाया लागलं, तर कान झाक."

सरळगाव मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं पेरणीआधीच्या राबासाठी भाजून काळी पडली होती आणि मोटारसायकलच्या वाऱ्यानं त्यांची राख डोळ्यांत जात होती. एका पुलापाशी संदेशनं गाडी हळू केली. त्याला राहवेना.

"मनस्वी, एक सांगायचं..."

"गाडी चालवा," ती त्याच्या पाठीमागून म्हणाली. "काय सांगू नका. हात जोडते."

पाड्याच्या वळणावरच रडणं ऐकू आलं. बायकांचं, लांब सुराचं. मनस्वी गाडीवरून उतरली. पण आता कान झाकून चालणार नव्हतं. कुणीतरी रडतंय एवढंच ती ऐकत होती, कुणासाठी ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. संदेशला तिनं चिंचेखालीच थांबवलं आणि एकटी पुढं झाली.

अंगणात पुरुष बांबू तासत बसले होते. हातात हिरवा चुडा, अंगावर नवी साडी आणि बोटं देवकाच्या हळदीनं पिवळी, अशी ती येताना दिसली आणि कोयत्या जागच्या जागी थांबल्या. जगनमामा उठून उभा राहिला. त्याचं तोंड वाकडं झालं, तो आता गळ्यात पडून रडणार हे तिला दिसलं. ती तशीच त्याच्या बाजूनं ओटीवर चढली.

हौसा जमिनीवर होती. उशाशी सावळीमामी बसली होती, भोवती पाड्यातल्या बायका. दारातूनच मनस्वी मोठ्यानं बोलली. आवाज फाटू नये म्हणून तिला मोठ्यानंच बोलावं लागलं.

"मामी, उद्या माज्या दिराचं लगीन हाय. देवक बसलंय. आजीला अक्षत द्याया आले."

रडणं तुटलं. कोपऱ्यातल्या एका म्हातारीला काही उमगलं नाही. तिनं हात पसरले आणि सूर धरला, "मने गो, तुजी आजी..."

सावळीमामी झेप घेऊन उठली आणि तिनं त्या म्हातारीच्या तोंडावर हात दाबला. मामी जिभेची तिखट. सासूशी तिचं कधी पटलं नाही, मनस्वीच्या ताटातला भातसुद्धा तिनं कधीकाळी डोळ्यांनी मोजला होता. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी याच ओटीवर जी नवी नवरी उतरली होती, ती हीच. नणंद मेल्याच्या दिवशी हळद लागलेली. आणि तरी तिला पांढऱ्या पायाची म्हणायला कुणाची जीभ उचलली नव्हती, कारण सगळ्या गावाची जीभ हौसानं आपल्यावर ओढून घेतली होती.

"पोरगी बोलावनं घेऊन आलीय," मामी सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाली. "कोन काय बोलाया नाय पायजे. कोन रडाया नाय पायजे." मग ती खाली वाकली, म्हातारीच्या नाकातला कापूस तिनं हळूच काढून मुठीत धरला, ओठावरचं तुळशीचं पान उचललं आणि पदर हनुवटीपर्यंत नीट केला. "ये गो. तुजी आजी निजलीय. उठवू नको. अक्षत दे."

वीस-पंचवीस माणसं होती तिथं. कुणी खोकलंसुद्धा नाही. पदराचे बोळे तोंडात कोंबून बायका बसून राहिल्या.

मनस्वी शेजारी बसली. आजी एवढीशी झाली होती. तिच्या कपाळावरचं गोंदण तेवढं पूर्वीएवढंच होतं, म्हणून ते मोठं दिसत होतं. मनस्वीनं पान सोडलं आणि अक्षत द्यायला आजीचा हात हातात घेतला. मूठ उघडेना. बोटं ताठली होती. तिनं थोडा जोर लावला, मग तिलाच भीती वाटली आणि तिनं हात सोडला. म्हातारीच्या पदराचं टोक जमिनीवर पडलं होतं. तिनं ते उचललं, अक्षत त्यात घातली आणि गाठ मारली. गाठ मारताना तिच्या बोटांना ती ओळखीची वाटली. तिनं ओठ चावला. रडली असती, तर कळल्यासारखं झालं असतं.

"आजी," ती म्हणाली, "उद्या लगीन हाय हां. नाय जमलं यायला तर नाय. पन मी बोलवाया आले होते."

आणखी खूप बोलायचं होतं. तुझ्या पापुद्र्यावर मी वाढले, तुझ्या झोपेवर मी झोपले, आणि त्या दिवशी चुलीपुढं मी बोलले ते माझं मलाच अजून टोचतंय. यातलं काहीच जिवंत माणसाला अक्षत देताना कुणी बोलत नाही. ती उठली.

मागच्या दारी मामीनं तिला मोरीच्या दगडावर उभं केलं. "उन्हातनं आलीस, पानी घे अंगावर," म्हणाली, आणि साडीसकट तिच्या डोक्यावरून दोन हंडे ओतले. मयताच्या घरातून बाहेर पडताना करायचं ते सगळं केलं, नाव न घेता. पाणी निथळत असताना मामी तिच्या कानाशी आली. मामीचे डोळे लाल झाले होते.

"तिनं माज्या पायाला डाग लागू दिला नाय," ती म्हणाली. "जा आता. मी तुला काय सांगितलं नाय."

मोटारसायकल वळणाआड गेली, आणि पाठीमागं एकदम एवढा मोठा हंबरडा फुटला, की चिंचेवरचे बगळे उठले. मनस्वीनं दोन्ही कान हातांनी झाकले.

घरी पोचेपर्यंत साडी वाळली होती. गिरजाबाई दारातच होत्या. त्यांनी तिच्या केसांना हात लावून बघितला.

"पानी घेतलंस?"

"हो. ऊन लय होतं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या पदरानं तिचे केस पुसले.

मग घाणा भरला. मुसळाला आंब्याची पानं बांधली होती. मनस्वीनं पहिला हात घातला, मागोमाग चार सवाष्णींचे हात आले. बायकांनी ओवी धरली आणि तिनंही धरली. हौसानंच शिकवलेली होती. उखळात हळकुंडं फुटत होती. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की भिमीच्या दिवशी आजीच्या कडेवर ती स्वतः होती. एका हातानं मुसळ उचलताना म्हातारीनं दुसऱ्या हातानं तिला घट्ट धरलं असणार. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. हळद उडून डोळ्यांत जात होती, पण डोळे कोरडेच राहिले.

लग्न लागलं. वरात आली. प्रियांकानं माप ओलांडलं. फोटोत मनस्वी सगळीकडं हसते आहे.

तिसऱ्या दिवशी देवक उठलं. भटजी दक्षिणा घेऊन गेले, आणि गिरजाबाईंनी तिला ओटीवर बोलावून खाली बसवलं. आळीतल्या चार बायका आधीच येऊन बसल्या होत्या. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. संदेश समोर बसला. त्यानं दोनदा घसा साफ केला.

"मनस्वी, आजी गेली," तो म्हणाला. "हळदीच्या दिवशीच. पहाटे."

आता तिनं ऐकलं होतं. रीतसर. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं आणि वाट बघितली.

"रड गो आता," गिरजाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. त्यांचा स्वतःचाच आवाज भरून आला होता. "मोकळी हो. आता कोन अडवनार नाय."

मनस्वीनं खरंच प्रयत्न केला. तिनं आजीचं तोंड आठवलं, ती न उघडलेली मूठ आठवली. छातीत सगळं होतं, पण त्याच्यावर ते मुसळ अजून तसंच पडत होतं आणि खालचं काही वर येत नव्हतं. ती कोरड्या डोळ्यांनी जमिनीकडं बघत बसली. नवी नवरी दारात उभी होती, चुडा हातात घट्ट धरून. तिला यातलं अजून काही माहीत नव्हतं.

"काय बाई तरी," शेजारची काकू दुसरीला म्हणाली, पण हळू नव्हे. "आजीनं एवडं वाढवली, नि डोळ्यात पानी नाय. दगडाचं काळीज हाय का काय गो पोरी तुजं?"

मनस्वीनं मान वर केली.

"हो काकू," ती म्हणाली. "आजीचंच हाय."